जुन्या ठाण्यात, बँडच्या मागोमाग

या, अशा जवळ सरकून बसा. दाराशी नको, मग मला ओरडून सांगावं लागतं आणि खोकला येतो. आणि आधी थोडं बोलून घेते, म्हणजे मन मोकळं होईल. तुम्हा लोकांचं मला काही कळत नाही बाई. बाली म्हणू नका, दुबई म्हणू नका, कुठल्या कुठल्या गावांच्या देवळांसमोर आणि चर्चांसमोर उभं राहून फोटो पाठवता. छान असतात, मी बघते, अंगठाही दाखवते. पण ठाण्याला उतरता ते कशाला? गाडी बदलायला, नाहीतर मॉलमध्ये. स्टेशनच्या बाहेर चार पावलांवर काय काय उभं आहे ते मान वर करून कधी पाहिलंत? नाही ना? मग बसा आता आणि ऐका.

मी तरी काय मोठी शहाणी! सगळा संसार ठाकुर्लीत झाला, आणि ठाण्याला गेले ती बारशाला, साखरपुड्याला, फार तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे. कार्यालयात जायचं, जेवायचं, रुमालात लाडू बांधून परत. पण या थंडीत सुनेनं मोबाईलवर बघितलं की कोणी एक मुलगी आहे, ती लोकांना जुन्या ठाण्यातून पायी फिरवते आणि गोष्टी सांगते. सुनेनं मला न विचारता माझं नाव घातलं. मी म्हटलं, एकटी जाणार नाही. वन्संना घे.

वन्सं म्हणजे माझ्या नणंद, कुसुमताई. माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. माहेरही कल्याण, सासरही कल्याण, राहायला पारनाक्याजवळ. सत्तरी कधीच ओलांडली, पण चालायला लागल्या की मीच मागे पडते. त्यांना फोन केला तर पहिलं वाक्य काय? "ठाण्यात बघायचं काय गं सुमन? किल्ला आमच्याकडे. खाडी आमच्याकडे. आरमार बांधलं ते आमच्या दुर्गाडीखाली. ठाण्यात आहे काय, तलाव? तो आमच्याकडेही आहे."

"वन्सं, येताय की नाही?"

"येते. कोणीतरी ऐकवायला नको का त्यांना."

तलावपाळी

गाडीचं काही सांगत नाही, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. शनिवारी उन्हं कलायला लागली तेव्हा आम्ही तलावपाळीवर पोचलो. ऋतुजा म्हणजे ती फिरवणारी मुलगी. बारीक चणीची, पायात बूट, खांद्याला लटकवलेली स्टीलची पाण्याची बाटली, आणि हातात एक छोटासा भोंगा. मला वाटलं आता निवडणुकीसारखं ओरडणार. पण आवाज गोड होता हो. आम्ही दोघी, एक नवीन लग्न झालेलं जोडपं, आणि ऑफिसातली पाच-सहा माणसं. आमच्याएवढं जुनं त्यात कोणी नव्हतं. तलाव सोडून.

ऋतुजा सांगायला लागली, की हा तलाव शिलाहार राजांच्या काळापासूनचा, तेव्हा खाडीतून गलबतं यायची, ठाणे हे मोठं बंदर होतं, परदेशचे लोक इथे कापड घ्यायला यायचे. मी आपली तोंड उघडं टाकून ऐकतेय. समोर होड्या फिरतायत, कठड्यावर पोरं-पोरी बसल्यात, भेळवाल्याची घंटा वाजतेय, आणि मला त्या पाण्यात शिडं दिसायला लागली! तलावात गलबत कुठून येणार म्हणा, पण दिसली खरी.

वन्संनी हात वर केला. "आमचा काळा तलाव याच्यापेक्षा मोठा आहे की लहान?"

"आजी, मोजून नाही सांगता येणार. पण मी कल्याणचा वॉकसुद्धा करते."

"कल्याणचा? कोणाला विचारून?"

सगळे हसले. ऋतुजापण हसली. वन्सं नाही हसल्या, कारण त्यांनी खरंच विचारलं होतं.

कौपीनेश्वर

तलावाला लागूनच कौपीनेश्वराचं देऊळ. इतक्या वेळा समोरून गेले असेन, आत कधी नाही. अहो, ती पिंड! आपल्याकडे पिंड म्हणजे कशी, गुडघ्याएवढी, वाकून बेल वाहायचा. इथे ती माणसासारखी उभी आहे समोर. दोन्ही हात पसरले तरी कवेत येणार नाही. पूर्वीचं देऊळ पोर्तुगीजांच्या काळात गेलं, मराठ्यांनी ठाणे परत घेतल्यावर पुन्हा बांधलं, आणि पिंड तलावात सापडली असं लोक सांगतात, हे ऋतुजानं बाहेर सांगितलं. आत गेल्यावर मला ते काही आठवेना. थंडगार फरशी पायाला लागली, कोणीतरी घंटा वाजवली, आणि अंगावर काटा आला.

वन्संनी डोळे मिटून हात जोडले. बराच वेळ. बाहेर येऊन चपला घालताना हळूच म्हणाल्या, "पिंडीपुरतं ठाणे मोठं. बाकी बघू."

जांभळी नाका

इथे आमच्यामुळे सगळ्यांचा खोळंबा झाला, ते कबूल करते. ऋतुजा जुन्या बाजारपेठेच्या माड्या दाखवत होती, लाकडी कठडे, वरची कौलं, खाली तेलाची आणि गुळाची दुकानं. सगळ्यांच्या माना वर. आणि वन्संची मान खाली, कारण खाली टोपल्या मांडलेल्या. कोनफळ, आवळे, ओल्या तुरीच्या शेंगा, आणि वालपापडी. अशी कोवळी, हिरवीगार, की वरच्या माड्या कोण बघतो!

"कुठली गं?" वन्संनी भाजीवालीला विचारलं.

"येऊरच्या पायथ्याची, आजी. सकाळीच तोडली."

"सकाळची वाटत नाही. कालची वाटते."

"आजी, खाऊन बघा ना. कालची असली तर फुकट न्या."

वन्संनी खाल्ली. मग मी खाल्ली. मग त्या नवीन जोडप्यातल्या मुलीनं खाल्ली, तिला कच्ची वालपापडी खातात हेच माहीत नव्हतं. ती इतकी खूश झाली की तिनंही पाव किलो घेतली, आणि मग ऑफिसातल्यांनी घेतली. ऋतुजा भोंगा खाली करून उभी राहिली. "आजी, पुढे चर्च आहे. बंद व्हायच्या आत पोचायचंय."

"चर्च कुठे पळतंय? भाजी पळते," वन्सं म्हणाल्या. पण निघाल्या. पिशवी त्या जोडप्यातल्या नवऱ्याच्या हातात गेली. कशी गेली ते त्यालाही कळलं नाही.

टेंभी नाका आणि चर्च

टेंभी नाका तुम्ही टीव्हीवर पाहिला असेल, नवरात्रातला आणि हंडीतला, माणसांनी गच्च भरलेला. त्या दिवशी मात्र तो बिचारा साधा नाका होता, रिक्षावाले चहा पीत होते. तिथून जवळच जुनं चर्च. फाटकातून आत गेलं की गाड्यांचा आवाज मागे राहतो आणि समोर पाणी! चर्चच्या आवारात तळं आहे, स्वतःचं. काठाला मोठी झाडं. दगडी भिंत उन्हात पिवळी दिसत होती. मी म्हटलं, "वन्सं, अजून एक तलाव." त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं.

मी जन्मात चर्चमध्ये पाऊल टाकलं नव्हतं. दाराशी मी सवयीनं चपला काढल्या, वन्संनी काढल्या, आमचं बघून मागच्या सगळ्यांनी काढल्या. आतून एक गृहस्थ आले, म्हणाले, "अहो, राहू द्या पायात, इथे चालतं." पण एकदा काढलेली चप्पल परत घालून देवासमोर कसं जायचं? गेलो तसेच अनवाणी. आत उंच छत, लाकडी बाकं, मेणाचा वास. आपल्याकडे देवाला हाका मारायच्या, घंटा बडवायच्या. इथे सगळं कुजबुजत. वन्संनी हात जोडले, आणि मग काय केलं असेल? प्रदक्षिणेला निघाल्या! डावीकडून उजवीकडे, बाकांच्या कडेकडेनं, वेदीच्या मागे जायला वाट शोधायला लागल्या. मी पदर धरून मागे ओढलं. "वन्सं, इथे नसते." त्या म्हणाल्या, "मी मनात घालतेय," आणि एका बाकावर बसून त्यांनी खरंच डोळे मिटून मनात प्रदक्षिणा पूर्ण केली.

बाहेर तळ्याच्या काठी ऋतुजा सांगत होती, की इथली कॅथलिक कुटुंबं काही बाहेरून आलेली नाहीत. इथलीच, शेती करणारी, मासे धरणारी. पोर्तुगीजांच्या वेळी धर्म बदलला, पण बोली, लुगडं, लग्नातले मसाले बदलले नाहीत. ती अजून बोलत होती, तेवढ्यात मागच्या गल्लीतून बँड वाजायला लागला.

चुकलेली वाट

अहो, काय बँड! ताशा, ट्रम्पेट, आणि एक ढोल असा की पोटात घुमायचा. वन्सं ताडकन उठल्या. "बघ, आपल्यासाठी लावलाय. हल्ली असं करतात. माझ्या भाच्याला राजस्थानात असंच केलं होतं, उतरल्या उतरल्या ढोल आणि फेटा."

"वन्सं, ऋतुजा काही बोलली नाही."

"आधी सांगितलं तर मजा काय?"

आणि निघाल्या. मी ऋतुजाकडे बघते, ती पाठमोरी. मी वन्संकडे बघते, त्या फाटकाबाहेर. आता म्हातारीला एकटी सोडायची का? मीही धावले.

गल्लीत बँडच्या मागे बायकाच बायका. लालभडक चौकड्यांची लुगडी, नऊवारी, कासोटा मारलेली, अंबाड्यावर अबोलीच्या वेण्या, गळ्यात सोनं, आणि डोक्यावर घागरी! मडक्यांना फुलांच्या माळा बांधलेल्या. नाचत चालल्या होत्या सगळ्या. आम्ही पोचलो तशी एका जाडजूड बाईनं वन्संच्या हातात एक कळशी दिली. "धरा गो मावशी, माझी कंबर गेली. वसईशी आल्या काय तुम्ही?"

"नाही, कल्याणहून."

"कल्यानशी! एवढ्या लांबशी! या, पुढं या." आणि वन्संना घेतलं ना हाताला धरून अगदी पुढच्या रांगेत.

माझं हसू थांबेना. ठाणेकरांना ऐकवायला आलेल्या माझ्या नणंदबाई, कमरेवर कळशी, ताशाच्या तालावर चालल्यायत! आणि कोणाला वेगळ्या वाटेनात. मला तेव्हा जाणवलं ते असं, की वन्संच्या कपाळावर कुंकू नाही, आणि या बायकांत कोणाच्याच कपाळावर नव्हतं. आमच्या कुठल्याही कार्यक्रमात ते कपाळ आधी दिसतं. इथे ते कोणाच्या लक्षातही येत नव्हतं. वन्सं किती वर्षांनी अशा पुढच्या रांगेत होत्या!

मी शेजारच्या बाईला विचारलं, "हे काय आहे हो?"

"उंबराचं पाणी," ती म्हणाली. "उद्या सकाली आमच्या ग्लोरियाचं लगीन. विहिरीचं पाणी आणायचं, त्यानं नवरी न्हाते, मग चर्चला. तुम्ही नाही का नात्यातल्या?"

मी म्हटलं, "नाही, आम्ही ठाणे बघायला आलोय."

ती इतकी हसली की तिच्या डोक्यावरची घागर डुगडुगली. "मग बघा की! हेच ठाना!"

मला तर नाचावंसं वाटलं. अहो, आमच्याकडे लग्नाआधी देवकाला उंबराची फांदी आणतात, वाजत-गाजत. इकडे उंबराचं पाणी. देव वेगळा, पण उंबर एकच! मी धावत पुढे जाऊन वन्संना सांगितलं. त्यांचा चेहरा झरकन उतरला.

"लग्नाचं पाणी आहे?" त्यांनी कळशी कमरेवरून काढली आणि माझ्या हातात कोंबली. "हे धर. मला काय म्हणून दिलं यांनी? विचारायला नको?" आणि बाजूला होऊन रांगेच्या अगदी मागे जाऊन चालायला लागल्या. त्यांचे यजमान, आमचे भाऊजी, गेल्यापासून त्या असंच करतात. मुंज असो, लग्न असो, मागची खुर्ची. ओटी भरायची वेळ आली की त्यांना बरोबर आत काहीतरी काम असतं. कोणी काही म्हणत नाही हो, त्यांचं त्याच ठरवतात.

जाळी

मिरवणूक एका इमारतीच्या आवारात शिरली. नवी इमारत, खाली गाड्या, आणि गाड्यांच्या मधोमध विहीर. या कुटुंबाचं जुनं घर इथे होतं, ते पाडून इमारत झाली, त्यांना वर जागा मिळाली, विहीर मात्र तशीच राहिली. बँड थांबला. बायका थांबल्या. कारण विहिरीवर लोखंडी जाळी, आणि जाळीच्या झाकणाला कुलूप.

सगळ्यात पुढे होत्या रोझाबाय, नवरीची आजी. वन्संच्याच वयाच्या, काटक, आणि आवाज असा की बँडला ऐकू जावा. त्यांचा लेक आंतोन, म्हणजे नवरीचा बाप, वॉचमनला किल्ली मागत होता. वॉचमन म्हणाला, किल्ली सेक्रेटरीकडे, ते लग्नाला गावी गेलेत, फोन लागत नाही. सेक्रेटरीला पंधरा दिवसांपूर्वी सांगून ठेवलं होतं, त्यानं हो म्हटलं होतं, आणि स्वतःच कोणाच्या तरी लग्नाला गेला!

"मम्मा, नलाचं भरू," आंतोन म्हणाला.

"मना नलाचा पानी नको."

"मग पंपानं काढू, पंप हाय ना विहिरीला."

"पंप वरच्या टाकीत टाकतं. थयं नलाचा नि विहिरीचा सगला पानी एक. मी काय सांगते, माझ्या तिनी पोरी ह्या विहिरीच्या पान्यानं न्हाऊन चर्चला गेल्या. ही ह्या घरची शेवटची. दिवा लागायच्या आत पानी घरात जायला पायजे, आनि विहिरीचाच जायला पायजे." आणि त्या विहिरीच्या कठड्यावर बसल्या.

आंतोन हातोडी आणायला निघाला, कुलूप तोडायला. रोझाबाय तिथूनच ओरडल्या, "उद्या पोरीचा लगीन, आज कोनाचा कुलूप तोडतं? बस गुमान!"

आवारात सावल्या लांब झाल्या होत्या. नवरी, ग्लोरिया, वरच्या गॅलरीतून वाकून बघत होती. केसांना पिना, चेहरा रडवेला. मला तर ते जणू माझ्याच घरचं लग्न वाटायला लागलं. मी जाळीतून आत बघितलं. पाणी दिसत होतं, फार खोल नाही, थंडीत विहिरी भरलेल्या असतात. पण जाळीची भोकं अशी की हात जाईल, कळशी नाही जाणार.

तेवढ्यात आमची ऋतुजा धापा टाकत आत आली, मागे सगळा वॉक. "आजी! अहो, मी तळ्याभोवती दोनदा फिरले! मला वाटलं पाण्यात..."

"पाण्यातच बघतोय," मी म्हटलं. आणि तिच्या खांद्यावरच्या बाटलीकडे माझं लक्ष गेलं. उंच, सडपातळ, स्टीलची. "ऋतुजा, ती बाटली दे."

बाटली जाळीतून गेली! अलगद! सगळ्या बायका ओरडल्या. दोरी कुठून आणायची? दुसऱ्या मजल्यावरच्या बाईनं कपड्यांची दोरी सोडून वरून टाकली, चिमट्यांसकट. आंतोननं बाटलीच्या गळ्याला गाठ मारली आणि खाली सोडली.

आणि बाटली तरंगायला लागली.

आडवी पडून, बदकासारखी. आंतोन वर घेई, खाली आपटी, ती परत तरंगे. "हिच्यात दगड घालूया का?" ऋतुजा म्हणाली.

"दगडाच्या पान्यानं न्हाऊ घालू नवरीला?" रोझाबाय म्हणाल्या. बँडवाले हसले. रोझाबायनी त्यांच्याकडे असं बघितलं की हसू परत आत गेलं.

मी मागे वळून बघितलं. वन्सं सगळ्यांच्या मागे, एका गाडीला टेकून उभ्या. आणि त्यांचा उजवा हात हवेत हलत होता. मनगट असं, झटकन आडवं. त्यांना कळतही नव्हतं आपण हात हलवतोय. त्यांचं लहानपण कल्याणात विहिरीवर गेलं. दोरी हातात आली की बादली कशी पालथी करायची, ते त्यांच्या मनगटातच आहे.

"हिसका द्या हो," त्यांना राहवेना. "दोरी ढिली सोडा, मग आडवा हिसका. वरून आपटू नका!"

आंतोननं हिसका दिला. बाटली भिंतीवर आपटली, ठणण् झालं.

"अहो, तसा नाही! मनगटातून! खांद्यातून नाही!"

"मग तुम्ही या ना, मावशी," आंतोन म्हणाला, घामाघूम झालेला.

सगळ्या वळल्या. वन्सं एक पाऊल मागे गेल्या. "मी नको. ही आहे ना सुमन, ही सवाष्ण आहे. हिला शिकवते."

"वन्सं, मी नळावरची," मी म्हटलं. "मला नाही यायचं."

"अगं, लग्नाचं पाणी आहे. मी कशी काढू? यांच्यातही काही असेल की नाही?"

रोझाबाय उठल्या कठड्यावरून. वन्संच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. "नवरा नाय काय तुमचा?"

वन्संनी मान हलवली.

"माझा पन नाय. किती वर्सं झाली. तवापासून मी ह्याच विहिरीचा पानी प्याले, ह्याच पान्यानं पोरांना न्हाऊ घातले. विहीर कधी बोलली नाय मना, का गो रोझा, तुझा नवरा खय?" मग त्यांनी वन्संचा हातच धरला. "मना तुमचा नवरा नको. मना तुमचा मनगट पायजे. आनि लवकर, दिवा लागंल."

वन्संनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, हो म्हणून, जोरात.

वन्सं पुढे आल्या. पदर खोचला. दोरी हातात घेतली, आणि लगेच चेहरा बदलला, अहो! डोळे बारीक, ओठ आवळलेले. बाटली सोडली, टेकली, तरंगली. दोरी जरा ढिली. आणि मग, झटकन. एकच. बाटलीनं डोकं खाली केलं आणि गुडगुड गुडगुड पाणी आत! असा आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

रोझाबाय बँडकडे वळून ओरडल्या, "आता वाजवा की! काय मेल्यासारखे उभे!"

बाटली वर आली, कळशीत ओतली. परत खाली. प्रत्येक हिसक्याला ताशा. दोन घागरी भरल्यावर वन्संच्या अंगातच आलं. "ए पोरी, दोरी मोकळी धर." "ए आंतोन, जाळीला लावू नकोस, चरा पडतो." सगळ्यांना कामाला लावलं. ऋतुजाला तर हिसका शिकवायलाच घेतलं, आणि तिला तिसऱ्या वेळी जमला, तेव्हा त्या पोरीनं मारलेली उडी तुम्ही बघायला हवी होती! वालपापडीच्या पिशवीसकट आमच्या त्या जोडप्यातला नवरा नाचत होता. वरून ग्लोरिया टाळ्या वाजवत होती, पिना निसटल्या तरी.

चर्चची घंटा झाली तेव्हा शेवटची घागर दारातून आत गेली होती. आणि मग आम्हाला कोण सोडतंय! फुग्या, म्हणजे यीस्ट घालून तळलेले पिठाचे गोळे, बाहेरून तांबूस, आत जाळीदार. आम्ही मटण खात नाही म्हटल्यावर रोझाबायनी फुग्यांसोबत नारळाच्या दुधातली वाटाण्याची भाजी वाढली, वर्षभराचा कुटून बाटल्यांत भरून ठेवतात त्या त्यांच्या मसाल्याची. तिखट म्हणजे काय! वन्संच्या डोळ्यांतून पाणी आलं. पुसत पुसत म्हणाल्या, "मसाल्याचं आहे." मी काही विचारलं नव्हतं.

रविवार

निघताना रोझाबाय म्हणाल्या, "सकाली या. ज्यानं पानी काढला, तेनंच पयला तांब्या घालायचा." वन्सं म्हणाल्या, बघू. मला ठाऊक होतं, बघू म्हणजे नाही.

पहाटे अंधारात फोन वाजला. "सुमन, मी निघालेय. कल्याणहून गाडीत बसले. तू ठाकुर्लीला उभी राहा. आणि ऐक, जरा बरी साडी नेस."

त्या स्वतः मोरपंखी रंगाची काठाची साडी नेसून आल्या होत्या. ती साडी मी भाऊजी असताना पाहिली होती.

ग्लोरिया पाटावर बसली होती, थंडीनं कुडकुडत. वन्संनी तांब्या भरला. क्षणभर हात थांबला, मी बघितलं. मग पाणी घातलं, हळूच, डोक्यावरून, आणि आपल्याकडे दृष्ट काढतात तसे दोन्ही हात तिच्या गालांवरून उतरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली. कडाकडा मोडली सगळी. रोझाबायनी ते बघितलं आणि त्यांनी पण मोडली. पोरगी हसत म्हणाली, "आजी, गार आहे!"

"विहिरीचं आहे, गार असणारच," दोघी एकदम म्हणाल्या.

चर्चमध्ये आम्हाला पुढच्या बाकावर बसवलं. वन्सं बसल्या. या वेळी मागे जायचं नाव काढलं नाही.

आता काय झालंय सांगते. वन्संच्या चाळीतल्या एका मुलीचं, त्यांच्या मानलेल्या नातीचं, लग्न आहे फाल्गुनात, हळदीला पहिला हात वन्संचा, असं त्या मुलीनंच ठरवलंय. वन्संनी आधी नको म्हटलं, मग म्हणाल्या, बघू. आणि यावेळचं बघू मला वेगळं वाटलं. रोझाबायनी गावाहून परतलेल्या सेक्रेटरीला असं काही धारेवर धरलं, की जाळीच्या कुलपाची एक किल्ली आता त्यांच्या फ्रिजवर टांगलेली असते. ऋतुजा दर शनिवारी सगळ्यांना त्या विहिरीवर नेते, आणि वन्सं आल्या असतील तर त्या सगळ्यांना हिसका शिकवतात. ओरडतात फार. पण शिकवतात.

तेव्हा या तुम्ही. आधी मला फोन करा, मी ठाकुर्लीहून येते, वन्सं कल्याणहून येतील, रोझाबाय फुग्या करतील. फक्त उन्हाळ्याच्या आत या हं. चैत्रात विहीर खोल जाते आणि कपड्यांची दोरी पुरत नाही.